एकदाची झाली चावी!

गाडीची एक चावी गणपतीच्या गर्दीत गेली ती गेलीच. शोरूमवाल्यांनी डुप्लिकेटचा आकडा सांगितला, तेव्हा बाबा म्हणाले, "चावीचा सांगतायत की गाडीचा?"

आज शेवटी मीच फुटपाथवरच्या चावीवाल्या काकांकडे गेले. उरलेली चावी एका पकडीत, कोरी दुसरीत, करर्र आवाज, मग कानसीचे दोन हात. दार उघडलं! इंजिन मात्र सुरू झालं आणि लगेच बंद.

"चिप असते ताई चावीत. ती ओळखल्याशिवाय गाडी चालू राहत नाही." स्टिअरिंगखाली वायर जोडून त्यांनी मशीनवर काहीतरी केलं. दहा मिनिटांत गाडी चालू. (मी उगाचच टाळ्या वाजवल्या.)

रिमोट नाहीये, दार हातानेच उघडायचं. चालतंय की!