धोतर खराब होतं, पण जुलाब नसतात

म्हाताऱ्याच्या धोतराला सारखं पातळ लागायला लागलं, की घरचे जुलाब थांबवायची गोळी देतात. बरेचदा तिथंच चुकतं. आत वाळलेल्या मळाचा खडा अडकलेला असतो अन् पातळ मळ त्याच्या बाजूनं झिरपतो. गोळीनं खडा आणखी घट्ट बसतो. आरोग्य केंद्रात डॉक्टरांनी हातमोजा घालून बोटानं तपासलं की खडाही कळतो, गुदद्वाराच्या स्नायूची पकडही. आधी एनिमा, मग सांगतील तेवढं लॅक्टुलोज, म्हणजे मळ मऊ करणारं औषध. सकाळच्या चहानंतर 20-30 मिनिटांनी रोज शौचाला बसवायचं. गुडघे वाकत नसतील तर कमोडची खुर्ची, पायाखाली पाट. वऱ्हाडातल्या मे महिन्यात पाणी कमी पडलं की खडा पुन्हा हजर. (रात्री उठावं लागू नये म्हणून म्हातारे मुद्दाम कमी पितात.) रक्त पडत असेल किंवा वजन घटत असेल, तर थेट जिल्हा रुग्णालय.