आमची वाटचाल: पट्ट्याकडून तेलाकडे

आमचं वर्कशॉप मुळात लेथचं. शाफ्ट टर्न करणं, झिजलेल्या बेअरिंगच्या जागा भरून देणं, मोडकं वेल्डिंग, असली कामं. गार्डन ट्रॅक्टर आले तर क्लच नाहीतर गिअरबॉक्सची तक्रार घेऊन. असाच एक १६ हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर तिसऱ्यांदा आला, तेव्हा मालक वैतागून म्हणाले, "पट्टा, क्लच सगळं काढा, याला हायड्रॉलिकवर करा." मी हो म्हणून बसलो. कारखान्यातूनच हायड्रोस्टॅटिक ड्राइव्ह (इंजिन पंप फिरवतं, पंपाचं तेल मोटर फिरवतं आणि मोटर चाकं) घेऊन निघालेले असे ट्रॅक्टर जुनेच आहेत, जॉन डिअरचं १४० मॉडेल १९६८चं. म्हटलं, आपल्यालाही जमेल.

कागदावर सगळं छान बसलं. १६ सीसीचा, म्हणजे एका फेऱ्यात तेवढं तेल ढकलणारा गिअर पंप, ३००० आरपीएमला मिनिटाला ४८ लिटर तेल. मागच्या दोन चाकांना ३१५ सीसीच्या दोन ऑर्बिट मोटर, तेलाच्या दाबावर हळू पण जोरात फिरणाऱ्या. तेल निम्मं-निम्मं वाटलं की चाक मिनिटाला साधारण ७६ फेरे घेणार, म्हणजे २३ इंची टायरवर ताशी आठेक किलोमीटर. गवत कापायला पुरे.

ओल्या गवतावर पहिल्याच दिवशी एक चाक घसरलं आणि जागच्या जागी भिंगरीसारखं फिरू लागलं, दुसरं ढिम्म! तेल सोपी वाट धरतं, हे वाचलेलं होतं, पाहिलं मात्र तेव्हा. उतारावर त्याहून वाईट. चाकं मोटरला ओढायला लागली की मोटरच पंप होते, आणि आमच्या ओपन सर्किटमध्ये (मोटरमधून निघालेलं तेल टाकीत परत जातं ते) तिला अडवणारं काही नव्हतंच. ब्रेकवर उभं राहून ट्रॅक्टर थांबवला. त्यातून पंपाची सक्शन लाइन, म्हणजे टाकीतून तेल ओढणारी नळी, बारीक ठेवलेली, त्यामुळे आतून खडी भरडल्यासारखा आवाज. ते सगळं उतरवून ठेवलं. त्या महिन्यात घरी कोणी धंद्याचं विचारलं की मी विषय बदलायचो.

दुसऱ्या खेपेला क्लोज्ड सर्किट केलं. स्वॉश प्लेटचा (आतल्या तिरक्या तबकडीवर तेलाचं प्रमाण ठरतं असा) पिस्टन पंप, आणि जुना गिअरबॉक्स डिफरन्शियलसकट (दोन चाकांना जोर वाटून देणारे गिअर) तसाच ठेवून त्याच्या इनपुटला एकच मोटर. मोटरमधून परतलेलं तेल थेट पंपात जातं, त्यामुळे उतारावर इंजिनच ट्रॅक्टरला धरून ठेवतं. प्लेटचा कोन बदलला की वेग बदलतो, प्लेट पलीकडे कलली की रिव्हर्स. क्लच नाही, खटका नाही. चालवून पाहिल्यावर आमचा फिटर दहा मिनिटं खाली उतरायला तयार नव्हता.

आठवड्याभरात गिअरचे दोन दात गेले.

पट्ट्याचं खरं काम तेव्हा लक्षात आलं. चाक दगडाला अडलं की पट्टा घसरायचा, थोडा जळका वास यायचा, गिअर वाचायचा. तेल घसरत नाही. रिलीफ व्हॉल्व्ह (दाब ठरलेल्या मर्यादेवर गेला की तेल सोडून देणारा) उघडेपर्यंत ते पूर्ण जोर लावतं, आणि आम्ही व्हॉल्व्ह लावला होता पंपाला किती झेपेल ते बघून. आता उलटं करतो. आधी गिअरबॉक्सला किती सोसेल ते धरतो, दात तुटायच्या आत चाक जागेवर घसरलं पाहिजे, आणि त्यावरून दाब ठरवतो. याने थोडी ताकद जाते, जाऊ दे.

बाकीच्या चुका छोट्या, पण महाग. जोडावर गुंडाळलेल्या टेफ्लॉन टेपचा तुकडा आत जाऊन एक व्हॉल्व्ह अडकला. तेव्हापासून टेप बंद. एका मोटरची केस ड्रेन लाइन (आत झिरपलेलं तेल बाहेर काढणारी नळी) टाकीला न नेता बूच मारून टाकली, तर शाफ्टचं सील उडालं. बंद पडलेला ट्रॅक्टर ढकलता येईना, म्हणून तेलाला पंपाला वळसा घालून फिरू देणारा बायपास व्हॉल्व्ह घालावा लागला. आणि उष्णता. इंजिनच्या ताकदीतला साधारण पाचवा हिस्सा तेल तापवण्यात जातो, १६ हॉर्सपॉवरला दोन किलोवॉटहून जास्त. कूलर नसेल तर तेल पाण्यासारखं पातळ होतं आणि दुपारनंतर ट्रॅक्टर चढावर दमतो.

म्हणूनच येणाऱ्या निम्म्या लोकांना आम्ही परत पाठवतो. सपाट जागेत सरळ गवत कापायचं असेल तर नवा पट्टा घाला, इंधनही वाचेल. सतत मागे-पुढे करणं, लोडर, उतार, असं काम असेल तर बोलू. फिटरला हे पटत नाही. त्याच्या मते आलेलं काम सोडू नये.

गळती शोधायला पुठ्ठ्याचा तुकडा वापरायचा, हात कधीच नाही, एवढा नियम मात्र दोघांनाही मान्य आहे. दाबातली बारीक धार कातडीतून आत शिरते आणि वरून टाचणी टोचल्याएवढंच दिसतं.

सध्या डोकं खातोय तो न्यूट्रल. पेडलवरून पाय उचलला की ट्रॅक्टर थांबतो, पण मग मुंगीच्या पावलाने पुढे सरकत राहतो. प्लेट शून्यावर येताना किंचित तिरकी राहते, लिंकेजमध्ये कुठेतरी ढिलाई आहे. दोन स्प्रिंग बदलून झाल्या. या आठवड्यात पिनेची भोकं भरून पुन्हा रीम करणार आहोत, म्हणजे नेमक्या मापाला आणणार.