आबांचं वजन आणि नाकातली नळी

आबांच्या गालाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, टाके सुकले आणि पुढे सहा आठवडे लाईट, म्हणजे रेडिएशन, घ्यायचं ठरलं. डाएटिशियन मॅडमनी आधी त्यांना काट्यावर उभं केलं. ५५ किलो. "एवढं टिकवायचं," म्हणाल्या. लाईट घेताना तोंडावर बसवायचा जाळीचा मास्क मापाचा असतो. माणूस वाळला की तो सैल पडतो, मग सगळी आखणी पुन्हा करावी लागते, आणि उपचारात खंड पडणं या आजारात महागात पडतं.

किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं, म्हणजे आबांना रोज साधारण ६६ ते ८२ ग्रॅम. एका अंड्यात ६, पेलाभर दुधात साधारण तेवढीच. नुसत्या पेजेवर भागणार नव्हतं.

पुढे तोंड इतकं आलं की पाण्याचा घोटही गिळवेना. नाकातून नळी घातली. मग मुगाची डाळ, मऊ भात, उकडलेलं अंडं आणि चमचाभर तेल मिक्सरमधून गंधासारखं बारीक करायचं, वर चहाच्या गाळणीतून दोनदा गाळायचं. कण राहिला की नळी तुंबलीच. नळीवरची खूण नाकापाशी जागेवर आहे ना, हे दर वेळी बघायचं. सिरिंजने आधी पाणी, मग कोमट पातळ, पुन्हा पाणी. दर दोन-तीन तासांनी साधारण २०० मिली. उशा लावून बसवायचं आणि नंतर अर्धा तास आडवं होऊ द्यायचं नाही.

भेटायला येणारे पथ्यं सांगत. दूध बंद करा, नुसत्या रसांवर ठेवा. आत्या म्हणाली, "साखर तोड गं, गाठ उपाशी मरते." तिची माया मला कळत होती. पण साखर तोडून कॅन्सर मरत नाही. पोटात कमी गेलं की शरीर स्वतःचेच स्नायू मोडून साखर तयार करतं. मधुमेह असेल तर गोष्ट वेगळी, आबांना तो नाही. "आत्या, करायचंच असेल तर अंडी पाठव," म्हटलं. दुसऱ्याच दिवशी गावठी अंडी आली.

भाज्या, फळं, कडधान्यं रोज हवीतच. पण आबांनी आयुष्यभर गालात तंबाखू धरली, आणि तिच्यावर उतारा ठरेल असं कुठलंच खाणं नाही. भावाची पुडी मी याच दिवसांत सोडायला लावली.

आता नळी निघाली आहे. भाकरी दुधात कुस्करून खातात, तिखट अजून सोसत नाही. तोंड उघडायचा व्यायाम सकाळ-संध्याकाळ चालू आहे. सध्या दोन बोटं उभी मावतात, डॉक्टरांना तीन हवीत.