झोळी गळ्यात, डॉक्टर फोनवर

लंडनमध्ये हाड मोडलं की डॉक्टर भेटेलच असं नाही, कागद मात्र नक्की मिळतो. आमचे हे सायकलवरून पडले, कॉलरबोन, म्हणजे गळ्याखालचं आडवं हाड, मोडली. एक्स-रे काढला, हात झोळीत अडकवला आणि म्हणे घरी जा, हाडांचे डॉक्टर फोन करतील. फोन! नागपूरच्या धंतोलीत दर दोन पाट्यांआड ऑर्थोपेडिक वाचत वाढलेल्या माणसाला हे कसं पचावं?

पण सोडण्याआधी नर्सनं जे केलं त्याला तोड नाही. दोन्ही मनगटांची नाडी एकदम धरली, नखं दाबून लाली कधी परतते ते पाहिलं, बीपीही दोन्ही हातांचं घेतलं. कॉलरबोनखालून, पहिल्या बरगडीवरून, हाताची मुख्य धमनी आणि शीर जाते. मधे एक लहानसा स्नायू असतो, म्हणून मोडलेलं टोक सहसा तिथवर पोचत नाही. सहसा! इंग्रजांचेच माजी पंतप्रधान रॉबर्ट पील २९ जून १८५० ला घोड्यावरून पडले आणि २ जुलैला गेले. मोडलेल्या कॉलरबोननं खालची रक्तवाहिनी फाडली असं मानतात. नुसती नाडी लागली म्हणून निर्धास्त व्हायचं नाही, असंही नर्स म्हणाली. मुख्य धमनीला इजा झाली तरी खांद्याभोवतीच्या बारक्या वाहिन्या वळसा घालून रक्त पोचवतात.

कागदावर होतं: काही आठवड्यांनीही हात सुजला, निळसर किंवा जड झाला तर लगेच या.

तिकडे नागपुरात भाचाही वर्धा रोडवर गाडीवरून पडलेला, त्याचीही कॉलरबोनच. महिन्याभरानं हात सुजला. दादा म्हणाला, "अगं, हाड जुळून राहिलं आहे, सूज तर राहीनच ना!" मी व्हिडिओ लावायला लावला. हात निळसर, खांद्यावर शिरा उठलेल्या. जुळताना हाडाभोवती नवं हाड गाठीसारखं वाढतं, ते शिरेला दाबतं आणि रक्त गोठू शकतं. त्याच संध्याकाळी धंतोलीत डॉपलर, म्हणजे शिरांमधलं रक्त कसं वाहतं ते दाखवणारी सोनोग्राफी, झाला, गुठळी निघाली, रक्त पातळ करायचं औषध रात्रीच सुरू. इथे लंडनमध्ये असता तर रात्र नंबराची वाट बघत खुर्चीवरच गेली असती, हे मी इथल्या मैत्रिणींना आवर्जून सांगते.

वहिनी मात्र म्हणाली, "तिकडे बसून सांगणं सोपं असतं." असेल. पण निळा हात इथूनच दिसला ना?

आता सूज उतरतेय. गाठ शिरेला दाबतच राहिली तर ऑपरेशन, म्हणून दादा त्याला रक्तवाहिन्यांच्या सर्जनकडे नेणार आहे. वहिनी अजून फोनवर येत नाही.