ट्रायकोकार्डं आणायला तळेगावला: एका दिवसाची फेरी

ट्रायकोकार्डं, म्हणजे पिकावरच्या अळीची अंडी संपवणाऱ्या बारीक माशीची कार्डं, आणायला नारायणगावहून पहाटे साडेपाचलाच निघालो. उशीर झाला आणि चाकणच्या चौकात सापडलात, की अर्धा दिवस गेलाच समजा. आम्ही तिघे, दोन टोमॅटोवाले आणि मी ढोबळी मिरचीवाला.

तळेगावच्या अलीकडे एक छोटी प्रयोगशाळा आहे. तिथं ट्रेमधल्या ज्वारीच्या भरड्यावर तांदळातले पतंग वाढवतात. जाताना रुमाल न्या. पतंगांच्या पंखांची पूड उडते, मी पाच मिनिटांत शिंकायला लागलो. पतंगांची अंडी अतिनील प्रकाशाखाली ठेवतात, म्हणजे त्यातून अळी निघत नाही. मग ती कार्डावर चिकटवून त्यांवर ट्रायकोग्रामा नावाची माशी सोडतात. ही गांधीलमाशीच्या गोतावळ्यातली, पण जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची. माणसाला चावत नाही. भिंगातून पाहिलं तर एक मादी अंड्यावर चढून, शेपटाकडची सुई टोचून बसली होती. दुसऱ्याच्या अंड्यात आपलं अंडं! चार-पाच दिवसांत पतंगाचं अंडं काळं पडतं, आणि पुढे त्यातून अळीऐवजी ही माशीच निघते.

एका कार्डावर १८ ते २० हजार अंडी असतात. हेक्टरी ५० हजार ते १ लाख धरलं, तर दहा गुंठ्यांच्या पॉलिहाऊसला एका वेळी अर्धं कार्ड पुरतं. फुलं लागल्यापासून दर आठवड्याला लावा. म्हणून सगळी कार्डं एकदम आणू नका.

थर्मासचा डबा मात्र न्याच. गेल्या खेपेला मी कार्डं गाडीच्या डॅशबोर्डवर टाकली होती, एकही माशी निघाली नाही. चूक माझीच. घरी फ्रिजमध्ये ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नको. संध्याकाळी पट्ट्या कापून पानाच्या खालच्या बाजूला स्टेपल करा. मुंग्यांवर लक्ष ठेवा, त्या कार्डांवरची अंडी फस्त करतात. आठवडाभर आधी आणि नंतर कीटकनाशक नको, भुरी रोगासाठी गंधकही नको.

फळ पोखरणाऱ्या अळीचा पतंग एकेक सुटं अंडं घालतो, तिथं ही माशी चांगली चालते. ‘तंबाखूची पानं खाणारी अळी’ म्हणतात ती असेल तर फार आशा धरू नका. तिचे अंडीपुंज केसांनी झाकलेले असतात, माशीला नीट पोचता येत नाही. ते पान तोडून टाकलेलं बरं.

कार्डं लावल्यावर सहाव्या दिवशी मिरचीच्या शेंड्याजवळ खसखशीएवढी सात अंडी सापडली. पाच काळी, दोन पांढुरकी. पांढुरकी मी नखानं चिरडली.