पोरगं बाकावर बसलंच नाही

काल शुक्रवार. ऑफिसातल्या एकाच्या भाच्याची मॅच बघायला दीड तास गाडी हाकत टेक्सासमधल्या एका टिचभर गावात गेलो. शाळा इतकी लहान की अकरा जणांची टीम होतच नाही, म्हणून इथे सहा-सहा जणांचं अमेरिकन फुटबॉल. मैदान 100 ऐवजी 80 यार्डांचं, फर्स्ट डाउनला (म्हणजे बॉल आपल्याकडे ठेवायला ठरावीक प्रयत्नांत जेवढं पुढे सरकावं लागतं तेवढ्याला) 10 ऐवजी 15 यार्ड. आणि हाफटाइमला किंवा नंतर कधीही 45 गुणांची आघाडी झाली की खेळ खलास, घरी जा!

भाचा रनिंग बॅक, म्हणजे बॉल घेऊन पळणारा. बॉल दुसऱ्या टीमकडे गेला, मला वाटलं आता हा टेकेल जरा, कारण मोठ्या टीममध्ये बचावाला सहसा वेगळी पोरं असतात. छे! तोच पठ्ठ्या लगेच लाइनबॅकर म्हणून बचावाला उभा. किकऑफलाही तोच. बाकावर मुळात पोरंच तीन.

2024 मध्ये कोलोरॅडो विद्यापीठाच्या ट्रॅव्हिस हंटरने रिसीव्हर (पास झेलणारा) आणि कॉर्नरबॅक (बचावात पास अडवणारा) दोन्ही खेळून कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूची हाइझमन ट्रॉफी मिळवली, तेव्हा काय कौतुक झालं होतं! ते योग्यच होतं म्हणा. पण इथे हे दर शुक्रवारी चालतं, आणि कुणाला त्याचं विशेष काही वाटतही नाही. (आपल्या कबड्डीत चढाई करणारा पकडीलाही असतोच की. पण अंगावर हे एवढं ओझं नसतं.)

तिसऱ्या क्वार्टरला त्याच्या पोटरीत गोळा आला. कोचने काकडीच्या लोणच्याचं पाणी पाजलं. तोंड वेडंवाकडं करत त्याने ते गिळलं, दातांतलं गार्ड पँटला पुसलं आणि पुन्हा आत.

हरले. नंतर जेवताना मामाने विचारलं, दमलास का रे? तोंडात बर्गर होता, नुसती मान हलवली. हो की नाही, कळलं नाही.