हा मी नाहीच!

परवा एकदाचं प्रदर्शन लागलं, चोवीस चेहरे, सगळे चारकोलमधले आणि सगळे आमच्याच वस्तीतले. बघायला येणारेही तेच. म्हणजे ज्याचं नाक मी कागदावर काढलंय तो माणूस तेच नाक घेऊन समोर उभा! परक्या गॅलरीत लोक शेडिंग बघतात, कागद कुठला विचारतात, इथे सरळ "अगं हिचं कपाळ एवढं मोठं कुठेय?"

फ्रेम लावताना शहाणपणा केला होता, चित्राचा मध्य जमिनीपासून ५७ इंचांवर, म्हणजे साधारण डोळ्यांच्या रेषेत, पण समोरच्या ट्यूबलाइटचा विचारच केला नाही. चारकोलच्या गडद भागावर काच आली की तिचा आरसाच होतो. एक ताई बराच वेळ एका चित्रासमोर थांबल्या, मला वाटलं रमल्या, जवळ गेले तर काचेत बघून केस सारखे करत होत्या.

माझं स्वतःचं पोर्ट्रेट कोपऱ्यात होतं. मला विचाराल तर सगळ्यात जमलेलं तेच. पण जो येईल तो म्हणे, "बाकीचे हुबेहूब आहेत गं, तुझंच काहीतरी चुकलंय." काय चुकलंय ते मात्र कोणालाच सांगता येईना. डोक्यात गेलं माझ्या.

आणि मग काका आले. तीन सिटिंग दिलेली त्यांनी, जराही न हलता. चित्राकडे बघितलं आणि म्हणाले, "हा मी नाहीच." काकू मागून, "अहो तुम्हीच की, शंभर टक्के, ती भुवई बघा!" काकांची डावी भुवई थोडी वर असते, ती मी मुद्दाम ठेवली होती, चेहऱ्याची सगळी गंमत तिच्यातच आहे. पण काका ठाम, नाही म्हणजे नाही. (चर्चिलना १९५४ मध्ये पार्लमेंटने ग्रॅहम सदरलँड या चित्रकाराकडून करवून घेतलेलं त्यांचं पोर्ट्रेट भेट दिलं होतं, ते त्यांना इतकं आवडलं नाही की पुढे त्यांच्या बायकोने ते नष्टच करवलं. त्या मानाने काका सभ्य.)

तेव्हा माझी ट्यूब पेटली. आपण स्वतःला आयुष्यभर आरशात बघतो, म्हणजे उलटं, भांग त्या बाजूला, भुवई त्या बाजूला. बाकी जग आपल्याला सुलट बघतं. १९७७ मध्ये यावर एक प्रयोगही झालाय, त्यात स्वतःचा उलटा फोटो बहुतेकांना जास्त आवडला आणि त्यांच्या मित्रमैत्रिणींना सुलट. आणि माझं ते कोपऱ्यातलं चित्र? आरसा समोर ठेवूनच काढलेलं ना!

लगेच मोबाइलवर काकांच्या चित्राचा फोटो काढला, फ्लिप केला, त्यांच्यापुढे धरला.

"हां! हा मी," काका खुश.

काकूंनी चष्मा वर केला, मोबाइल हातात घेतला, बघितलं, परत बघितलं. "हे कोण?"

काका माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "ए, मला हे असं उलटं एक काढून दे ना. हिला नको सांगूस."